फ्लॅट नंबर सातचं पीक

साहेब, खोटं आम्हीच बोललो. पण ते आमच्या तोंडात घातलं तुम्ही, आणि वर टाळ्याही तुम्हीच वाजवल्यात. नऊ वर्षं झाली. आता बढती घेऊन तुम्ही कुठल्या तरी मोठ्या जिल्ह्यात बसला असाल आणि तुम्हाला त्यातलं काही आठवतही नसेल. मला आठवतं. म्हणून मी सांगतो, तुम्ही ऐका.

मार्केट यार्डात, कांद्याचा लिलाव होतो त्या शेडखाली नोंदणीचं टेबल मांडलं होतं. कृषी महोत्सव तीन दिवसांवर आला होता. मी रांगेत तासभर उभा राहिलो आणि नंबर आल्यावर थर्माकोलची पेटी टेबलावर ठेवली. झाकणाला सहा भोकं, प्रत्येक भोकातून लेट्यूसचा एकेक गड्डा वर आलेला. पोपटी, कडेला झालर असलेला. रांगेतली माणसं माना लांब करून बघायला लागली.

टेबलामागच्या कारकुनानं फॉर्म पुढं ओढला.

"शेतकऱ्याचं नाव?"

"ज्ञानोबा भिवा लोंढे. माझे वडील."

"गट नंबर?"

"गट नाही. फ्लॅट नंबर आहे. सात."

त्यानं पेन थांबवलं. "क्षेत्र?"

"आतली खोली. दहा बाय नऊ."

मागून कुणीतरी फिसकन हसलं.

"सातबारा जोडा."

"जमीन नाही ओ आम्हाला."

"मग पीक कुठं आलं?"

"पाण्यात."

"पाण्यात आलं तर मत्स्य विभागाकडं जा. तो पलीकडचा मांडव."

रांग खदखदून हसली. खरं तर कारकून अगदीच चुकत नव्हता. ती पेटी मी मासळी बाजारातूनच आणली होती आणि दोनदा सोडा लावून धुतली तरी तिच्या एका कोपऱ्याला सुरमईचा वास होता.

शेजारच्या खुर्चीत तुम्ही होता, साहेब, तालुक्याचे कृषी अधिकारी. बशीत चहा ओतून फुंकत होता. तुम्ही पेटीकडं बघितलंत, माझ्याकडं बघितलंत आणि समजावणीच्या सुरात म्हणालात, "हे बघा, छंद वेगळा आणि शेती वेगळी. स्पर्धा शेतकऱ्यांसाठी आहे. शेतकरी म्हणजे ज्याच्या नावावर सातबारा आहे तो."

"साहेब, छंद नाही. माझा बाप अडतीस वर्षं शेतात राबलाय."

"कुणाच्या?"

एवढाच एक शब्द तुम्ही विचारलात आणि बशी तोंडाला लावलीत. मला उत्तर सुचलं नाही. मी पेटी उचलली.

आता ह्या पिकाची हकीकत सांगतो, कारण ती तुमच्या फॉर्ममध्ये मावली नाही.

मी फिल्टरवाला. घरोघरी पाण्याचे फिल्टर बसवतो, बिघडले की दुरुस्त करतो. एका रिटायर प्राध्यापकांकडं फिल्टरला गेलो, तर त्यांच्या झोपायच्या खोलीत ट्यूबलाइटखाली हिरवीगार भाजी. माती नाही, ऊन नाही. खतांचे क्षार मोजून पाण्यात विरघळवायचे आणि त्या पाण्यावर रोप वाढवायचं. पाण्यात क्षार किती ते सांगणारं पेनाएवढं मीटर माझ्या खिशात कायमच असतं. म्हटलं, हे तर आपलंच काम. त्यांनी चिमूटभर बी दिलं, क्षारांचं प्रमाण कागदावर लिहून दिलं, आणि मी आमच्या आतल्या खोलीत चार पेट्या मांडल्या. त्या खोलीला खिडकी नाही. बांधणाऱ्यानं ती देवघर म्हणून विकली होती की अडगळ म्हणून, त्यालाच माहीत.

माझी बायको जयमाला म्हणाली, "घरात माणसाला झोपायला जागा नाही आणि तुम्ही पाल्याला खोली देताय. भाडं काय घेणार त्याच्याकडनं?"

त्याच महिन्यात आई गेली आणि तात्यांना मी गावाहून आणलं. तात्या म्हणजे माझा बाप. गावात त्याला सगळे गेनबा म्हणत. अडतीस वर्षं एकाच मालकाकडं सालगडी. मालकाचा ऊस, मालकाची वांगी, मालकाचे बैल. रात्रपाळीचं पाणी, दिवसपाळीचं पाणी, सगळी दारं तात्यांनी धरली. स्वतःच्या नावावर म्हणाल तर एक रेशनकार्ड.

तिसऱ्या मजल्यावर तात्यांचं काही मन लागेना. गॅलरीत बसून समोरच्या बिल्डिंगकडं बघत राहायचे. एकदा म्हणाले, "त्या बाईच्या खिडकीत वेल हाय, त्याला फळ काय येतं?"

"काही येत नाही, तात्या. शोभेचा असतो तो. मनीप्लांट."

"म्हंजी नुसतंच बसून खातंय. माझ्यावानी."

मग एका सकाळी मी आतल्या खोलीचं दार उघडलं, तर तात्या हातात बादली घेऊन उभे. चारही पेट्या काठोकाठ भरलेल्या.

"आरं, पाणी पार तळाला गेलं हुतं! तुझं ध्यान कुठं असतं?"

आता ह्या पद्धतीत सगळी मेख एवढीच, की पाणी भरायचं नाही. झाड पाणी पितं, पाणी खाली जातं, मुळं अर्धी पाण्यात आणि अर्धी हवेत राहतात. हवेतली मुळं श्वास घेतात. ती बुडवली की झाड गुदमरतं. दोन-तीन दिवसांत चोवीसच्या चोवीस गड्डे माना टाकून पडले. मुळं तपकिरी, बुळबुळीत. सगळ्या खोलीत कुजका वास.

तात्या दिवसभर जेवले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, "वाफा कोरडा राहिला की मालक अंगावर धावून यायचं. पाणी जास्त झालं म्हणून कवा कुणी बोललं न्हाई. पाण्यात उभं राहून मरतंय असलं पीक मी बघितलं न्हवतं."

"असू दे तात्या. पुन्हा लावू."

"तू न्हाई. मी लावतो."

आणि खरंच, पुढं मी त्या खोलीत फक्त पाहुणा म्हणून जायचो. बी रुजेना, तेव्हा त्यांनी ते ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवलं. म्हणाले, थंडीचं पीक हाय, त्याला थंडी हाय असं वाटलं पायजे. स्पंजाच्या चौकोनात रोपं केली. उन्हाळ्यात बाटल्यांमध्ये पाणी गोठवून त्या पेट्यांना लावून ठेवायचे, लहान मुलाच्या कपाळावर पट्टी ठेवतात तसे. क्षारांचं पाणी बोट बुडवून जिभेला लावायचे आणि सांगायचे, "आज जरा चढलंय." मी मीटर लावायचो. चढलेलंच असायचं.

पहिला गड्डा काढला तेव्हा तिघांनी एकेक पान खाल्लं. तात्या बराच वेळ चावत राहिले.

"कसं लागतंय मामा?" जयमालानं विचारलं.

"कडू न्हाई, गोड न्हाई, तिखट न्हाई. शिकल्याल्या माणसावानी हाय. कशातच न्हाई."

पण जीव लावला होता त्यांनी त्या पाल्याला. हायवेवरच्या पिझ्झाच्या हॉटेलवाल्याचा माणूस गड्डे न्यायला यायचा, त्याला तात्या चपला बाहेर काढायला लावायचे.

कृषी महोत्सवाची रिक्षा गल्लीतून ओरडत गेली त्या दिवशी मला कळलं, की त्यांच्या मनात काय आहे. रिक्षाचा आवाज लांब जाईपर्यंत ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "मालकाचा माल मी तिथं सोळा वर्षं नेला. ऊस नेला, वांगी नेली, भोपळा तर दोघांनी उचलून नेला. दर साली पैला नंबर. भोंग्यावर मालकाचं नाव पुकारायचं आन मी मागनं टोपली घिऊन चढायचो."

"तुमचं नाव कधी घेतलं नाही?"

"घेतलं की. येकदा. 'गेनबा लोंढे, असाल तिथून गाडीतळाकडं या, तुमचा बैल सुटलाय.' " ते हसले. "बैल बी मालकाचाच हुता."

जयमाला हसता हसता खाली बसली. तात्या मात्र हसायचे थांबले होते.

"अंकुश, आपला पाला न्यायचा का रं तिथं? नंबर न्हाई आला तरी चालंल. नाव पुकारत्यात सगळ्यांचं. भोंग्यावर येकदा आपलं नाव ऐकावं वाटतंय. बैलाबिगर."

चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसानं उभ्या जन्मात माझ्याकडं मागितलेली ही एकच गोष्ट. ती घेऊन मी तुमच्या टेबलाशी आलो होतो, साहेब.

पेटी उचलून मी शेडच्या बाहेर आलो, तर मागून खांद्यावर हात पडला. अभयसिंह पाटील. आमच्या मालकांचा मुलगा. मालक वारले तेव्हापासून सगळी जमीन ह्याच्याकडं, आणि ह्याच्या बंगल्यातला फिल्टरही माझ्याकडं. रांगेत तो माझ्या मागंच होता, ऊस घेऊन.

"अंकुश, एवढं तोंड काय पाडतोस? माझा सातबारा लाव."

"दादा, पीक तुमचं नाही."

"अरे, कागदाला काय कळतंय? गेनबा काय परका आहे का? आमच्या घरात वाढलास तू. नंबर आला की माइक माझ्या हातात येणार. मीच सांगतो ना सगळ्यांना, हे पीक गेनबानं केलंय म्हणून. भोंग्यावर. बास?"

माइक म्हणाला, भोंगा म्हणाला, आणि मी भुललो. पुन्हा रांगेत उभा राहिलो. त्याच कारकुनानं तीच पेटी बघितली, आणि गट नंबर मिळाल्याबरोबर त्याला तिच्यात पीक दिसायला लागलं. विभाग: परदेशी भाजीपाला. शेतकऱ्याचं नाव: अभयसिंह बाबुराव पाटील. मी विचारलं, पीक कुणी केलं ते कुठं लिहायचं? तसा रकाना नव्हता. म्हणून मी कडेच्या मोकळ्या जागेत तात्यांचं नाव लिहायला लागलो.

"समासात लिहू नका," कारकून म्हणाला. "फॉर्म बाद होतो."

मी खोडलं. खाली बारीक अक्षरात छापलं होतं: माहिती खोटी आढळल्यास कायदेशीर कारवाई करण्यात येईल. त्याच्याखाली नोंद आणून देणाऱ्याची सही. ती मी केली. आणि आणखी एक नियम होता: नमुना मुळासकट, त्याच गटातल्या मातीसह आणावा.

घरी आलो. तात्या दारातच उभे.

"घेतलं का?"

"घेतलं."

"नाव दिलंस?"

"दिलं, तात्या."

त्यांनी पुढं काही विचारलं नाही. धुतलेलं धोतर पुन्हा धुवायला काढलं.

महोत्सवाच्या दिवशी सकाळी मांडवामागं अभयसिंहाच्या ड्रायव्हरनं पोतंभर माती टाकली. तात्या तोंड धुवायला नळावर गेले होते. मी घाईघाईनं पाच गड्डे पेटीतून उपसले. मुळं पांढरीशुभ्र, हातभर लांब. माती भिजवून मी त्यांना फासायला लागलो. मातीशिवाय उगवलेलं पीक खरं ठरावं म्हणून त्याला माती फासायची. शाळेच्या नाटकात मला एकदा दाढी चिकटवली होती, तसं वाटत होतं.

"मुळं का लडबडवतोस?"

तात्या मागं येऊन उभे राहिले होते.

"नियम आहे, तात्या. माती दिसायला पाहिजे."

ते खाली बसले. चिमूटभर माती घेतली, बोटांत चोळली, जिभेच्या टोकाला लावली. मग मान वर करून पलीकडं उभ्या असलेल्या अभयसिंहाच्या जीपकडं बघितलं. मला वाटलं, आता विचारतील. मी उत्तर जुळवत होतो.

"असं न्हाई," ते म्हणाले. "वरवर लावलीस तर लगीच कळंल. मुळाच्या आत बोटानं भर." आणि स्वतःच भरायला लागले. पाचही गड्डे त्यांनी असे बसवले, की जन्मल्यापासून मातीत होते असं वाटावं.

अकरा वाजता परीक्षक आल्या. कृषी महाविद्यालयातल्या डॉक्टर बाई. बरोबर तुम्ही, साहेब, छातीला बिल्ला लावून. बाई नुसत्या बघून पुढं जाणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी एक गड्डा उचलला, पिशवीतली पाण्याची बाटली काढली आणि मुळांवर ओतली. चिखल ओघळला, पांढरी मुळं लोंबायला लागली, आणि मधोमध स्पंजाचा चौकोन.

"हे मातीत वाढलेलं नाही," बाई म्हणाल्या. "पीक कुणाचं आहे?"

अभयसिंह पुढं झाला. "माझं."

"कुठल्या वाणाचं?"

"लेट्यूसच्या."

"लेट्यूस ही भाजी झाली. वाण कोणता? रोपं किती दिवसांची लावलीत?"

अभयसिंहानं माझ्याकडं बघितलं. त्याच्या सातबाऱ्यावर ऊस होता. बाईंनी फॉर्म मागवला. "पाण्यावर वाढवलेलं पीक शेतातलं म्हणून दाखवलंय. ही सरळसरळ खोटी नोंद आहे. फॉर्मवर सही कुणाची आहे?"

"ती... म्हणजे ते सगळं आमच्या अंकुशनं..." अभयसिंहाचं बोट माझ्याकडं वळायला लागलं.

तेव्हा साहेब, मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही पाला ओळखला होता. मला ओळखलं होतं. तीन दिवसांपूर्वी हेच पीक माझ्या बापाचं आहे, हे स्वतःच्या कानांनी ऐकलेला, अभयसिंह सोडला तर, त्या घोळक्यात एकटा माणूस तुम्ही होता. तुम्ही एक वाक्य बोलला असतात, तर सगळं सरळ झालं असतं. तुम्ही घड्याळात बघितलंत.

आणि मागून तात्या पुढं आले. हात जोडून.

"बाई, पीक मालकांचंच हाय. मी त्येंचा गडी. मीच लावलंय."

सालगडीपण सोडून त्यांना बारा वर्षं झाली होती.

"कुठं लावलंय, बाबा?" बाईंनी विचारलं.

"हिरीजवळच्या पट्टीत. रोप स्पंजात केलं, जरा धरल्यावर मातीत घातलं. पट्टी भुसभुशीत हाय, पाण्याच्या दाराशीच हाय. मुळं पाण्याकडं पळत्यात, म्हणून अशी लांब."

"आणि लेट्यूसला इथलं ऊन कसं सोसलं?"

"बी आधी गारव्यात ठिवलं. वर सावली केली. सांजसकाळ थंड पाण्याचा फडका. पाला कडवट लागाय लागला की वळखायचं, ऊन लागलं."

बाई त्यांच्या हातांकडं बघत राहिल्या. त्यांची खात्री पटली नव्हती, हे मला आजही स्पष्ट आठवतं. त्या तुमच्याकडं वळल्या. "ह्यांना पीक माहीत आहे, ह्यात शंका नाही. पण मला हे नियमात..."

"मॅडम," तुम्ही म्हणालात, "सातबारा जोडलाय ना? कागद पूर्ण आहेत. पाहुणे यायची वेळ झाली."

संपलं. गड्डा बाईंनी हळूच खाली ठेवला, तान्ह्याला ठेवतात तसा.

दुपारी भोंगा घुमला. "परदेशी भाजीपाला विभाग, प्रथम क्रमांक, प्रगतिशील शेतकरी अभयसिंह बाबुराव पाटील!" अभयसिंह फेटा सावरत पायऱ्या चढला. त्याच्या मागून, कुणी न सांगता, तात्या टोपली घेऊन चढले. सतरावं वर्ष. धोतर पांढरंफेक होतं.

माइक अभयसिंहाच्या हातात आला. मी खुर्चीच्या कडेला येऊन बसलो. म्हटलं, आता तरी.

"वडिलांच्या आशीर्वादानं आणि साहेबांच्या मार्गदर्शनानं हे यश मिळालं," तो म्हणाला. मग शब्दाला जागल्यासारखं मागं वळून त्यानं तात्यांच्या खांद्यावर थाप मारली. "आणि ह्यात आमच्या गड्याचाही वाटा आहे बरं का!"

तुम्ही टाळ्या वाजवल्यात. साहजिकच सगळ्यांनी वाजवल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, त्यात तुम्ही आहात, अभयसिंह आहे, आणि टोपलीखाली तात्यांची चार बोटं आहेत. बाकीचे तात्या कापले गेले.

उरलेली माती पिशवीत भरून आणि गड्डे काखेत घेऊन आम्ही घरी आलो तेव्हा दिवस मावळत होता. दार लावलं आणि मी सुटलो.

"गडी? काय गरज होती, तात्या? बारा वर्षं झाली त्यांचं दार सोडून! अंगातनं जात नाही का तुमच्या ते? जरा मालक दिसला की हात जोडायचे? तुमचं पीक होतं! तुमचं नाव पुकारायचं होतं!"

जयमाला मध्ये पडली. "अहो, हळू. शेजारी ऐकतील."

"ऐकू दे! भोंग्यावर नाही तर निदान शेजाऱ्यांना तरी कळू दे!"

तात्या आतल्या खोलीत गेले होते. ट्यूबच्या उजेडात पाटावर बसून, एकेक गड्डा तांब्यातल्या पाण्यानं धूत होते. मुळांतली माती बोटानं काढून ताटलीत ठेवत होते. वर न बघता म्हणाले, "अंकुश, बस हितं."

मी बसलो.

"माती मी सकाळीच वळकली. अडतीस वर्षं खाल्ली ती. हिरीजवळच्या पट्टीची हाय, जरा खारट असती. ती आली म्हंजी कागदावर त्यंचं नाव हाय, हे कळलं मला. तू नाव दिलं म्हणालास. कुणाचं, ते मी इचारलं न्हाई. इचारलं असतं तर तुला आणखी खोटं बोलावं लागलं असतं."

मी ताटली त्यांच्याजवळ सरकवली.

"मग बाईनं सही कुणाची म्हणून इचारलं. धाकल्या मालकाचं बोट कुणाकडं चाललं हुतं, ते तू बघितलंस का?"

"बघितलं."

"मग? माझं पीक हाय म्हणालो असतो तर माझं नाव पुकारलं असतं, आन तुझं पोलिसात. गडी म्हटल्यावर इषयच मिटतो. गड्याला कुणी पुढं काय इचारत न्हाई. लई सोपा शबुद हाय त्यो." त्यांनी धुतलेला गड्डा भोकात बसवला, पाणी किती उंचीवर आहे ते वाकून बघितलं. "आणि येक. तू कागदावर माझं नाव घातलं न्हाईस. मी तोंडानं घातलं न्हाई. फिटंफाट. आता ओरडू नगं, पाल्याला तरास हुतो."

मला तिथं बसवेना आणि उठवेनाही. पाचातले तीन गड्डे जगले.

ताटलीतली माती त्यांनी पिशवीतल्या मातीत मिसळली, तोंड बांधलं आणि माझ्या हातात दिली. "ही त्यंची हाय. त्यंची त्यंना दिऊन ये. आपल्या घरात मातीचं काय काम?"

तेवढ्यात बाहेरून काहीतरी खणखणलं. जयमाला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. डाव्या हातात उलथणं, उजव्या हातात तोंडाला लावलेलं तेलाचं नरसाळं. सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असा तिचा आवाज त्यातून घुमला.

"फ्लॅट नंबर सातचे शेतकरी, ज्ञानोबा भिवा लोंढे! असाल तिथून जेवायला या! तुमचं ताट वाढलंय!"

तात्या आधी दचकले. मग त्यांच्या लक्षात आलं. तोंडावर उपरणं धरून ते इतके हसले, की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आणि मग ते पाणी थांबेचना.

त्यानंतर चार वर्षांनी तात्या गेले. त्या दिवशी सकाळीसुद्धा त्यांनी बोट बुडवून पाणी चाखलं होतं. प्रशस्तिपत्र अभयसिंहाच्या बंगल्यात भिंतीवर लावलंय. काच, सोनेरी चौकट. त्याच्या बरोबर खाली पाण्याचा फिल्टर आहे, आणि दर सहा महिन्यांनी त्याची कांडी बदलायला मीच जातो. उत्कृष्ट शेतकरी, असं त्यावर लिहिलंय. खाली सही तुमची आहे, साहेब. सुंदर सही करता तुम्ही.

यंदा महोत्सवाचं पत्रक पुन्हा आलं. त्यात नवा विभाग आहे: मातीविना शेती. वर लेट्यूसचा रंगीत फोटो. मी फॉर्म आणला. पहिला रकाना, शेतकऱ्याचं नाव. दुसरा, गट नंबर. तिसरा, क्षेत्र. सोबत सातबारा आणि माती परीक्षणाचा अहवाल जोडावा. समासात काही लिहू नये.

तुम्ही मला त्या दिवशी एक शब्द विचारला होता आणि मला उत्तर सुचलं नव्हतं. आता तोच शब्द मी तुम्हाला विचारतो. फ्लॅट नंबर सात, आतली खोली, दहा बाय नऊ. तिथं गेनबा लोंढ्यानं जे उगवलं, ज्याला तुम्ही पहिला नंबर दिलात, ते पीक कुणाचं? तोंडी नको. लेखी द्या, सही करून.